नियम चौदा

"यंत्र उलटं लावलं होतंस का गं?"

शैलजा धोंगडे यांनी हातातला कागद टेबलावर आपटला. आपटण्यात त्यांचा हातखंडा होता. तीस वर्षं न्यायाधीश म्हणून आणि नंतर सहा वर्षं पोलीस वर्तन आयोगाच्या अध्यक्ष म्हणून त्या कागद आपटत आल्या होत्या, आणि समोर बहुतेक वेळा एखादा पोलीस अधिकारी घाम पुसत उभा असायचा. आज समोर उभी होती आयोगाच्याच प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ, डॉ. नाझिया पटवेकर. ती काही घाम पुसत नव्हती.

"तीनदा लावलं, मॅडम. एकदा तर दुसऱ्या यंत्रावर. आकडा हलत नाही."

कागदावर दोनच ओळी होत्या. पोलीस ठाण्यांत घेतलेल्या जबाबांवरचे अंगठे : सरासरी भयांक एकसष्ट. पोलीस वर्तन आयोगाच्या कार्यालयात तक्रार मागे घेताना दिलेले अंगठे : सरासरी भयांक त्र्याऐंशी.

म्हणजे पोलिसांविरुद्ध दाद मागायला जिथं यायचं, तिथं आलेली माणसं पोलीस ठाण्यातल्यापेक्षाही जास्त घाबरलेली होती. शैलजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यामुळे.

भयांक म्हणजे काय ते आधी सांगतो. खोटे व्हिडिओ आणि खोटे आवाज इतके माजले होते, की कुणाचं बोलणं खरं आणि कुणाचं यंत्रानं घडवलेलं हे कुणालाच सांगता येईना. म्हणून २०३४ साली न्यायालयांनी मुकाट्यानं पुन्हा कागद धरला. जबाब कागदावरच घ्यायचा, आणि माणूस शिकलेला असो वा नसो, खाली अंगठा उमटवायचा. आता अंगठ्याची शाई उमटते तसा घामही उमटतो. शाई वर राहते, घाम कागदाच्या तंतूंत उतरतो आणि वाळून वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम करतो. नाझियाच्या यंत्रानं त्या वाळलेल्या घामावर लेसरची बारीक तिरीप टाकली, त्यातले रेणू सुटे केले आणि त्यांच्या वजनावरून ते ओळखले. घाबरलेल्या माणसाच्या घामात दोन द्रव्यं वाढतात. एक झटक्यात येतं आणि लवकर विरतं, कुणी अचानक अंगावर धावून आल्यासारखं. दुसरं सावकाश साचत जातं, तासा-दोन तासांच्या धास्तीनं. दोन्हींचा हिशेब मांडून शून्य ते शंभर असा जो आकडा निघतो, तो भयांक. लग्नाच्या नोंदवहीवर तो पंधरा-वीस येतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर चाळीसच्या आसपास. घराला आग लागून बाहेर पळालेल्या माणसांच्या पंचनाम्यावर सत्तर आला होता.

एक गोष्ट मात्र यंत्राला जमत नव्हती. भीती किती हे ते सांगायचं. कोणाची, हे नाही.

हे यंत्र मिळवायला शैलजाबाई दोन वर्षं मंत्रालयात भांडल्या होत्या. येत्या शुक्रवारी विधिमंडळाची समिती ठरवणार होती, की भयांक पुरावा म्हणून धरायचा की नाही. धरला, तर मारझोड करून घेतलेला एकही जबाब टिकला नसता. आणि तुलनेसाठी आपल्याच कार्यालयातले अंगठे घ्या, ही कल्पनाही बाईंचीच होती. आपल्याकडे माणूस निर्धास्त असतो, आपला आकडा खाली येईल, ठाण्यांचा वर जाईल, फरक समितीच्या डोळ्यांत भरेल, असा त्यांचा होरा होता. फरक भरलाच होता.

"एवढं काय त्यात," आयोगाचे सचिव रेळेकर म्हणाले. रेळेकर कधीही आवाज चढवत नसत. "दुसरी ओळ काढून टाकू. समितीनं ती मागितलेलीच नाही."

"गप्प बसा हो!" बाई गरजल्या. मग नाझियाकडे वळल्या. "इथं कोण घाबरवतं त्यांना? मी? हणमंता?" हणमंता म्हणजे दाराशी बसणारा शिपाई. तो पन्नाशीचा होता आणि मांजरालासुद्धा हाकलत नसे.

"भीती इथं सुरूच झालेली नाही, मॅडम. सावकाश साचणारं द्रव्य फार जास्त आहे. इथं पोचायच्या दीड-दोन तास आधीपासून ही माणसं घाबरलेली होती."

"म्हणजे घरून निघाल्यापासून."

"साधारण तेव्हापासून."

"सगळ्यांत वरचा आकडा कुणाचा?"

नाझियानं यादी पाहिली. "सत्त्याण्णव. यल्लूबाई धोत्रे, रायमळा."

शैलजाबाईंना नाव लगेच आठवलं. दगडाचं काम करणारी वडार बाई. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा मारुती रायमळा ठाण्याच्या कोठडीत मेला होता. पाय घसरून पडला, असं ठाण्याचं म्हणणं. आठ महिन्यांपूर्वी ती याच खोलीत येऊन तक्रार मागे घेऊन गेली होती. बाईंनी स्वतः विचारलं होतं, कुणाचा दबाव नाही ना? तिनं मान हलवली होती. फाइल बंद झाली होती. आणि मागे घेतलेली तक्रार कायद्यानं पुन्हा उघडता येत नव्हती. ती धाकानं मागे घेतली हे सिद्ध झालं, तरच येत होती.

"उद्या मी रायमळ्याला जाते," बाई म्हणाल्या. "आणि रेळेकर, कुणालाही कळवायचं नाही."

रेळेकरांनी मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बाईंची गाडी वडारवस्तीवर पोचली, तर तिथं पोलिसांची जीप आधीच उभी. दोन शिपाई रस्त्यात आडव्या आलेल्या शेळ्या हाकलत होते. वस्तीवरचं एकही दार उघडं नव्हतं.

बाई उतरल्या त्या फोन कानाला लावूनच. "रेळेकर! मी काय सांगितलं होतं?"

"मॅडम, अध्यक्षांच्या दौऱ्याची सूचना स्थानिक ठाण्याला जातेच. पद्धतच आहे ती. तुमच्या सुरक्षेसाठी."

"खड्ड्यात घाला ती सुरक्षा!"

त्यांनी शिपायांना असं काही फैलावर घेतलं, की जीप वळवताना एकाची टोपी खाली पडली आणि ती उचलायलाही तो थांबला नाही. जीप दिसेनाशी झाली तरी दारं बंदच राहिली. शेवटी वस्तीच्या टोकाकडून टाकीचा आवाज आला, लोखंडावर हातोडीचा, एका लयीत. बाई त्या आवाजाच्या मागानं गेल्या.

यल्लूबाई लिंबाखाली बसून एका पाट्याला टाकी लावत होती. तिनं मान वर केली, बाईंना ओळखलं आणि पुन्हा हातोडी चालवायला लागली.

"यल्लूबाई, मी आयोगाची—"

"वळीखलं की. बसा त्या दगडावर."

बाई बसल्या. साडीला दगडाचा भुगा लागला.

"तुमच्या कागदावरचा अंगठा आम्ही तपासला," बाई म्हणाल्या. "एक नवीन यंत्र आहे. त्यात दिसलं, की तुम्ही फार घाबरलेल्या होतात."

यल्लूबाईनं हातोडी खाली ठेवली आणि आपला अंगठा पाहिला. दगडानं घासून घासून तो गुळगुळीत झाला होता, त्यावर एक रेघ उरली नव्हती. "रेशनच्या मशिनीला ह्यो अंगठा लागत न्हाई. बँकेत लागत न्हाई. दर बारीला म्हनत्यात, मावशी, तुमी तुमीच हायसा कशावरनं. आन् तुमच्या मशिनीला बरा लागला."

"कोणाची भीती होती, यल्लूबाई?"

"आता इचारताय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाईंना तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. "तवा बी इचारलं हुतं तुमी. दार उघडं ठिवून. भाईर बाकड्यावर कोन बसलं हुतं, बघितलं हुतं का?"

बाईंनी आठवून पाहिलं. एक हवालदार. गणवेश कडक इस्त्रीचा, बोलणं अदबीचं.

"निंबाळे हवालदार," यल्लूबाई म्हणाली. "माझ्या मारुतीला मारला त्यो. तक्रारीत पयलं नाव त्येचंच हाय, तुमीच वाचलं आसंल. तुमचा समनचा कागद घिऊन त्योच आला माझ्या दारात. आयोगानं बोलीवलंय, चल म्हनला. फटफटीवर मागं बसीवलं. बेचाळीस किलोमीटर, सायेब. पडू ने म्हनून त्येच्याच खांद्याला धरून बसले मी. ज्या हातानं—"

ती थांबली.

"वाटेत धमकी दिली?" बाईंनी विचारलं.

"छ्या! लई चांगला वागला. घाटात गाडी थांबीवली. पानी प्याला, मला बी दिलं. आन् म्हनला, मावशी, तुजी लेक कालिजात जाती न्हवं? सकाळची सातची यष्टी का सव्वासातची?" यल्लूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "येवढंच. मग तुमच्या हापिसात आलो. तुमी इचारलं, दबाव हाय का. आन् मी अंगठा दिल्यावर तुमी त्येला म्हनालात, म्हाताऱ्या बाईंना येवढ्या लांबनं आनलंत, चांगलं काम केलंत. चा सांगितला त्येला."

चहा सांगितला होता. बिस्किटंसुद्धा. शैलजाबाईंना हणमंताच्या हातातला ट्रे आठवला.

"मला बी दिला हुता," यल्लूबाई म्हणाली. "माझ्यानं गिळला न्हाई."

*

कार्यालयात परतल्यावर बाईंनी समन्सची नोंदवही मागवली आणि नाझियाला शेजारी बसवलं. तक्रार मागे घेणारे एकूण चारशे बारा जण. त्यांतल्या तीनशे अठ्ठ्याण्णव जणांना समन्स बजावलं होतं ते त्याच पोलीस ठाण्यानं, ज्या ठाण्याविरुद्ध त्यांची तक्रार होती. बऱ्याच ठिकाणी बजावणाऱ्याचं आणि आरोप असलेल्याचं नाव एकच. नोंदवही कपाटात कुणी लपवलेली नव्हती. ती सहा वर्षं हणमंताच्या टेबलावर उघडी पडली होती.

"हा मूर्खपणा कुणाचा?" बाईंचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "कुणी केला हा नियम? रेळेकर!"

रेळेकर फाइल घेऊनच आले. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं आणि फाइल बाईंच्या समोर सरकवली. आयोगाची कार्यपद्धती, नियम चौदा : तक्रारदारास समन्स संबंधित पोलीस ठाण्यामार्फत बजावण्यात यावे. समासात हिरव्या शाईत शेरा होता, 'तत्काळ अंमल व्हावा', आणि खाली सही. अक्षर शैलजाबाईंचं होतं.

"पोस्टानं पाठवलेली समन्सं परत यायची, मॅडम," रेळेकर म्हणाले. "पत्त्यावर राहत नाहीत असा शेरा मारून. तक्रारी तुंबल्या होत्या. तुम्हीच म्हणालात, कोर्टात समन्स पोलीसच बजावतात, इथंही तसंच करा. मी फक्त टाइप केलं."

ते खरं होतं. तीस वर्षं बाईंच्या कोर्टात समन्सं पोलिसांनीच बजावली होती. रोज नळाला पाणी येतं तसं ते होत आलं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुठल्याच न्यायाधीशाला कधी वाटलं नव्हतं. नियम चौदा आला आणि तक्रारदार भराभर हजर व्हायला लागले. भराभर तक्रारी मागे घ्यायला लागले. मागे घेतलेली तक्रार अहवालात 'निकाली' या रकान्यात जायची. दर वर्षी त्या रकान्याचा आकडा वाढला आणि दर वर्षी शैलजाबाईंनी तो भाषणात अभिमानानं सांगितला. लोकांचा आयोगावर विश्वास बसतोय, असं म्हणून.

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही मला सांगावं असं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, खरं सांगू? तुम्हाला काही सांगायची माझी कधी छाती झाली नाही." रेळेकर आजही शांतपणेच बोलले. "एकदा माझा अंगठा घ्या यंत्रावर. कळेल."

छत्तीस वर्षं हा राग म्हणजे आपली ताकद, अशी बाईंची समजूत होती. तोही एक बाकड्यावरचा हवालदारच निघाला, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याचाही त्यांना रागच आला. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

"दुसरी ओळ काढा," रेळेकर म्हणाले. "नियम आज गुपचूप बदलू. पण ती ओळ समितीसमोर गेली, तर आयोग बंद करायला ते टपलेलेच आहेत. आयोग गेला तर उद्या लोकांनी जायचं कुठं?"

रेळेकरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. पण ओळ गेली, तर यल्लूबाईचा सत्त्याण्णव आकडाही गेला. आणि तो गेला, की मारुती कायमचा पाय घसरून पडलेला.

"ओळ राहील," बाई म्हणाल्या. "आणि तिच्याखाली नियम चौदा जोडा. माझ्या शेऱ्यासकट."

*

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि ते हसले. त्यांच्याबरोबर बाकीचेही हसले.

"म्हणजे धोंगडेबाई, लोक पोलिसांपेक्षा तुम्हालाच जास्त घाबरतात! मग आयोग कशाला ठेवायचा आम्ही?"

"हसा," शैलजाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "तीनशे अठ्ठ्याण्णव माणसं माझ्यावर विसंबून तक्रार करायला आली आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच गाडीवरून मी त्यांना आणवलं. पोलिसांनी कायदा मोडला नाही. माझा नियम पाळला. आयोग बंद करायचा तर करा. पण त्याआधी हे तीनशे अठ्ठ्याण्णव कागद धाकानं घेतलेले आहेत, असं कामकाजात लिहून घ्या. धाक कुणाचा, त्या रकान्यात ठाण्याच्या नावाबरोबर माझं नाव लिहा. ते लिहिल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

हसणं थांबलं. कामकाज लिहिणाऱ्यानं समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी नाइलाजानं मान हलवली, आणि ते लिहिलं गेलं.

भयांक पुरावा म्हणून धरायचा निर्णय समितीनं सहा महिने पुढं ढकलला. नियम चौदा रद्द झाला. धाकानं मागे घेतलेल्या तक्रारी पुन्हा उघडायला मंजुरी मिळाली, आणि चौकशी पुरी होईपर्यंत शैलजाबाईंना अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं. कारभार आयोगाच्या दुसऱ्या सदस्य, ॲडव्होकेट सुवार्ता साळवे, यांच्याकडे गेला. पंधरा दिवसांनी बाईंच्या घरी समन्स आलं. यल्लूबाई धोत्रे यांच्या तक्रारीत सामनेवाले क्रमांक एक, हवालदार निंबाळे. क्रमांक दोन, शैलजा धोंगडे. सोमवारी अकरा वाजता हजर राहावे.

ते समन्स मात्र पोस्टानं आलं होतं. रजिस्टर केलेलं, आणि अगदी वेळेवर. बाईंचा पत्ता पोस्टमनला चटकन सापडला होता.

*

सोमवारी पावणेअकराला बाई आयोगाच्या दारात पोचल्या. निंबाळेला पुढच्या आठवड्याची तारीख होती. हणमंता सवयीनं उठून उभा राहिला, मग काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला.

"बस रे," त्या म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकड्यावर टेकल्या. सहा वर्षांत त्या या बाकड्यावर कधी बसल्या नव्हत्या. इथून उघड्या दारातून आतली तक्रारदाराची खुर्ची सरळ दिसते, हे त्यांना आज कळलं.

अकराला यल्लूबाई आली. एसटीनं, लेकीबरोबर. बाकड्यासमोरून जाताना तिची नजर बाईंवर पडली आणि पाऊल अडखळलं. मग ती आत गेली. सुवार्ता साळवेंनी तिला पाणी दिलं, नाझियानं शाईचं पॅड आणि कागद पुढं ठेवला.

यल्लूबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"काय झालं, मावशी?" सुवार्तानं विचारलं. "नीट वाचून दाखवलं ना? काही राहिलंय?"

"न्हाई. बराबर हाय समदं." यल्लूबाईनं दाराकडे पाहिलं. "निस्तं दार लावा. त्या बाई बसल्यात तितं."

सुवार्ता साळवेंनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. तक्रारदार आणि सामनेवाला, दोघांनाही त्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं होतं. कोर्टात बोलावतात तसं.

दार लावायला नाझिया उठली. तिची आणि शैलजाबाईंची क्षणभर नजरानजर झाली, आणि दार बंद झालं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आईनं निंबाळेचं नाव घेतलं असतं तसंच आपलं घेतलं, आणि ते बरोबर होतं. बाहेर आपण बसलेलो असताना त्या कागदावर जो आकडा उमटेल, त्यात आपलाही वाटा असेल, एवढं त्यांना समजत होतं. बंद दाराआडूनही.

त्या उठल्या.

"हणमंता, सुवार्ताताईंना सांग, माझा जबाब उद्या घ्या म्हणावं. दोघांना एका वेळी बोलवायचं नसतं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, नियमात घाला म्हणावं."

"जी. आणि तुम्ही?"

"हे बाकडं धर एका बाजूनं."

हणमंतानं धरलं. बाकडं सागवानी होतं, जड होतं. बासष्ट वर्षांच्या शैलजाबाईंनी दुसरं टोक उचललं, आणि दोघं जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर बाकडं अडकलं. बाईंच्या तोंडून नेहमीसारखा आवाज निघायला आला होता, पण वर दाराआड यल्लूबाई अंगठा धरून बसली होती, म्हणून त्यांनी तो गिळला.

"सावकाश घे," त्या हळूच म्हणाल्या. "आवाज करू नकोस."